ऑइल न खाणारी जीप: चेंबरमध्ये डिझेल कुठून येत होतं

भोर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची ही फोर बाय फोर जीप. अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, टायमिंग गिअरवर फिरणारा जुन्या धाटणीचा रोटरी डिझेल पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी यांत्रिक नोझल. इंजिनावर कॉम्प्युटर नाही, सायलेन्सरमध्ये फिल्टर नाही. मालकांना आम्ही सगळे तात्याच म्हणतो. वरंध घाटाच्या अलीकडे डोंगरात त्यांची भातखाचरं आहेत. पावसाळ्यात तिथवर दुसरं कुठलंच वाहन चढत नाही. लावणीची माणसं, खताच्या गोण्या आणि एखाद्या रात्री वाडीवरचं आजारी माणूस, सगळं या एका गाडीवर चालतं.

गाडीचं कौतुक करताना तात्या एक गोष्ट हमखास सांगायचे, "आरं, थेंबभर ऑइल खात नाय." दोन वर्षं मीही ते ऐकत होतो आणि मान डोलवत होतो. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेलं टर्बो इंजिन रोज लो गिअरमध्ये डोंगर चढतं, ते थोडं तरी ऑइल जाळणारच. दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल मोजायच्या काठीवरची पातळी तसूभरही हलत नसेल, तर जळलेल्या ऑइलची जागा दुसरं काहीतरी भरून काढतंय, एवढाच त्याचा अर्थ.

जूनमध्ये पातळी स्थिर राहायचीही थांबली आणि वर चढू लागली. गावातल्या मिस्त्रीने "मागच्या वेळी जास्त पडलं असेल" म्हणत लिटरभर ऑइल काढलं. तीन आठवड्यांत काठी पुन्हा वरच्या खुणेच्या पुढे. मग चारही नोझल उतरवून बनवून आणली. फरक पडला नाही. मग टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप नवा बसवला, कारण त्याचा पडदा फाटला की डिझेल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. अंदाज चुकीचा नव्हता, पण तपासून पाहिलेला नव्हता. तात्यांचे पैसे गेले आणि पातळी चढतच राहिली.

जुलैत एका दुपारी खताच्या गोण्या घेऊन ते वाडीवर पोचले. चढ संपला, गाडी सपाटीवर घेतली, गिअर हायला टाकला आणि न्यूट्रलवर उभी करून माणसं गोण्या उतरवू लागली. तेवढ्यात इंजिन आपोआप चढायला लागलं. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी आवाज वाढतच चालला, मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट. तात्यांनी चावी काढली. इंजिन थांबलं नाही. त्या माणसाचं डोकं शांत म्हणून निभावलं: ब्रेक दाबून धरला, पाचवा गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडीला हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं.

काय झालं होतं ते इथेच सांगतो, कारण डोंगरातल्या गाडीला हा धोका सपाटीवरच्या गाडीपेक्षा जास्त असतो. चेंबरमध्ये दीड लिटर जास्त द्रव होता. सपाट रस्त्यावर तो कदाचित निभावला असता. खड्या चढावर मात्र सगळा साठा एका अंगाला सरकतो, क्रँक त्यात बुडून फिरते, ऑइलचा फेस होतो आणि तो फेस ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून टर्बोच्या तोंडाशी जातो. डिझेल इंजिनाला जळण्याजोगं काहीही श्वासावाटे मिळालं की ते जाळतं. चावी बंद केल्यावर पंपातून येणारं डिझेल थांबतं, पण इंजिन आता स्वतःचंच ऑइल पिऊन पळत असतं. अशा वेळी हवेच्या पाइपावर हात किंवा फडकं धरू नका, टर्बो ते आत ओढून घेतो. तोंडावर फळीसारखी सपाट, टणक वस्तू दाबायची, किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक असेल तर तो हवेच्या तोंडात मारायचा. आणि गिअरच्या गाडीत तात्यांनी केलं तेच करायचं.

मला फोन आला तेव्हा पहिलं हेच सांगितलं की आता सेल्फ मारू नका. ट्रॅक्टरने खाली आणली, तिथून टेम्पोवर चढवून माझ्या गॅरेजमध्ये.

चेंबर रिकामा केला. सहा लिटरच्या चेंबरमधून साडेसात लिटर निघालं. ड्रेन बोल्ट सोडला तेव्हा धार पाण्यासारखी पातळ पडली. या गाडीतलं १५ डब्ल्यू ४०, म्हणजे ४० ग्रेडचं, ऑइल थंड असताना असं कधी पडत नाही. वासावर मी भरवसा ठेवत नाही. डिझेल गाडीच्या काळ्या ऑइलला तसाही डिझेलचा वास येतो, आणि दिवसभर गॅरेजमध्ये वावरणाऱ्या नाकाला तर काहीच कळत नाही. म्हणून दोन साध्या चाचण्या केल्या. गरम तव्यावर थेंब टाकला. पाणी असतं तर तडतडलं असतं, तसं काही झालं नाही. ओढ्यातून गेलेल्या गाडीबाबत ही शंका आधी फेडून घ्यावी लागते. रेडिएटरचं पाणीही जसंच्या तसं होतं. मग टीपकागदावर एक थेंब टाकून तो रात्रभर आडवा ठेवला. सकाळी मध्ये काळा ठिपका होता आणि त्याच्या भोवती फिकट, पिवळसर, रुंद कडं पसरलेलं. नव्या ऑइलमध्ये मुद्दाम थोडं डिझेल मिसळून शेजारी तसाच थेंब टाकला होता, त्याचं कडंही तसंच.

एक नमुना प्रयोगशाळेत पाठवला. १०० अंश सेल्सियसला ४० ग्रेडच्या ऑइलची दाटी किमान १२.५ सेंटिस्टोक हवी, नवं असताना ती चौदा-साडेचौदाच्या घरात असते. आमच्या नमुन्याची ७.१ आली. म्हणजे ४० चं ऑइल २० च्या ग्रेडपर्यंत खाली घसरलं होतं. गरम इंजिनावर ऑइल प्रेशरचा काटा आळसावल्यासारखा का पडायचा, त्याचं उत्तर मिळालं. साधारण पाच टक्के डिझेल मिसळलं तरी ४० चं ऑइल ३० मध्ये जातं. इथे पाचात एक भाग डिझेल होतं.

"गाडी लांब पळव, डिझेल उडून जाईल" असा सल्ला कुणीतरी तात्यांना दिला होता. पेट्रोल गाडीत त्यात थोडंफार तथ्य आहे, पेट्रोल गरम ऑइलमधून उडून जातं. डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळतं. शंभर-एकशेदहा अंशांच्या ऑइलमधून ते जात नाही, साठत राहतं.

आता डिझेल येतंय हे नक्की झालं, कुठून हे ठरायचं होतं. अशा इंजिनात वाटा मोजक्याच. फीड पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. नोझल गळत असेल तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंती धूत रिंगांवरून खाली उतरतं. काही इंजिनांत नोझलची उरलेलं डिझेल परत नेणारी रिटर्न लाइन इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरच्या आत असते, तिथला जोड सुटू शकतो. आणि गिअरवर फिरणाऱ्या डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील जाऊ शकतं. या गाडीची रिटर्न लाइन बाहेरून आहे, म्हणून ती वाट पहिल्याच दिवशी बाद केली.

बहुतेक जण इथे "कुठला भाग गेला असेल?" असं विचारतात आणि भाग बदलायला घेतात. मी आधी विचारतो, चेंबर कधी भरतो? बंद उभ्या गाडीत, आयडलवर म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना, की रस्त्यावर ओझं ओढताना? प्रत्येक वाटेची भरण्याची वेळ वेगळी असते, आणि वेळ मोजायला एकही बोल्ट सोडावा लागत नाही.

मोजायचं तर मोजपट्टी हवी. कंपनीच्या काठीवर दोनच खुणा असतात, त्यांवर "थोडं वाढलं" यापलीकडे काही कळत नाही. नवा ऑइल फिल्टर लावला, पाच लिटर नवं ऑइल ओतलं, वीस मिनिटं थांबलो आणि काठीवर पातळ कानशीने पहिली रेघ ओढली. मग दोनशे-दोनशे मिली मोजून ओतत आणि दर वेळी वीस मिनिटं थांबत वर सात रेघा केल्या. दोन रेघांमध्ये जेमतेम पाच मिलिमीटर अंतर आलं. गॅरेजच्या कोब्यावर चारही चाकांभोवती खडूने खुणा केल्या. गाडी तसूभर तिरकी उभी राहिली तरी एवढ्या बारीक मापात सगळा गोंधळ होतो. सहा लिटरच्या रेघेवर नेमकं आणून थांबलो. आणि किलोमीटर नव्हे, तास लिहायचे ठरवलं. डोंगरात ही गाडी दिवसाला पंधरा किलोमीटर चालते, पण इंजिन तीन तास सुरू असतं.

तीन रात्री गाडी नुसती उभी ठेवली. काठी जागच्या जागी. टाकी इंजिनाच्या खाली आहे, त्यामुळे डिझेल आपोआप उतरणार नव्हतंच, पण हे पाहून घेणं गरजेचं होतं. कार्ब्युरेटरच्या, वर टाकी असलेल्या गाडीत किंवा मोटरसायकलीत नेमकं उलटं होतं. फ्लोटची सुई अडकली की रात्रभरात पेट्रोल इंजिनातून चेंबरमध्ये उतरतं.

मग तीन तास आयडल. एक रेघ पूर्ण आणि वर किंचित. या जीपला हाताने ओढायची ॲक्सिलरेटरची खुंटी आहे. दुसऱ्या दिवशी ती ओढून दोन हजार आरपीएमवर तासभर उभी चालवली. त्या एकाच तासात एक रेघ.

या दोन आकड्यांनी बरंच सांगितलं. इंजिनावर ओझं नव्हतं, म्हणजे नोझलमधून डिझेल कमीत कमी जात होतं, तरी चेंबर भरत होता. वेग वाढला तसा भरण्याचा वेगही वाढला. धूर नाही, सकाळचा स्टार्ट स्वच्छ. एकेका नोझलचा पाइप ढिला करून पाहिला, चारही वेळा इंजिन सारखंच मंदावलं. गळक्या नोझलची गाडी अशी वागत नाही. सकाळी पांढरा धूर सोडते आणि एखाद्या सिलिंडरवर अडखळते. नोझल मी जवळजवळ बाद केली.

राहिले फीड पंप आणि डिझेल पंप. दोघांचाही वेग इंजिनाच्या वेगासोबत वाढतो, म्हणून आकड्यांवरून त्यांच्यात निवड होणार नव्हती. फीड पंप नुकताच बसवलेला होता, पण नवा भाग चांगलाच असतो असं मी धरून चालत नाही. या रोटरी पंपाच्या पोटात स्वतःचा पात्यांचा पंप असतो, तो डिझेल ओढून घेऊ शकतो. म्हणून पाच लिटरचा कॅन गाडीशेजारी स्टँडवर, पंपापेक्षा उंच टांगला, डिझेल फिल्टरची नळी त्यात सोडली आणि फीड पंपाच्या दोन्ही नळ्या काढून तोंडं बंद केली. आता त्याच्यात डिझेलचा थेंबही नव्हता. तीन तास आयडल. पुन्हा एक रेघ आणि वर किंचित.

फीड पंप निर्दोष होता. तात्यांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "मंग जुना फेकला त्यो?" तो मिस्त्रीकडे पडून होता. मागवून घेतला, उघडला, पडदा धडधाकट होता. आता तो सुटा भाग म्हणून गाडीच्या पेटीत असतो.

एवढ्यावर डिझेल पंप काढायला हरकत नव्हती. पण तो काढणं म्हणजे टायमिंग सोडणं, पंप दुरुस्तीच्या लॅबचा खर्च, चार दिवस गाडी बंद, आणि लावणी अर्ध्यावर. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला तो खर्च तात्यांच्या माथी मारायचा नव्हता. इंधनात घालायचा चमकणारा रंग मिळतो, जंबुपार प्रकाशाच्या विजेरीत तो पिवळट हिरवा दिसतो. ऑइल पुन्हा नवं भरलं, कॅनमधल्या डिझेलमध्ये रंग टाकला, दहा मिनिटं इंजिन चालवलं आणि बंद केलं. दहाच मिनिटं, कारण जास्त वेळ चालवलं तर रंग सगळ्या ऑइलमध्ये मिसळतो आणि पाहाल तिथे चमक दिसते. टॅपेट कव्हर उघडलं. ऑइलची स्वतःची मंद निळसर झाक तेवढी होती, हिरवं कुठेच नाही. मग टायमिंग कव्हरवरची, पंपाच्या गिअरसमोरची छोटी प्लेट सोडली. शटर खाली ओढून अंधार केला.

गिअरच्या मागे, शाफ्ट जिथे पंपात शिरतो तिथे, हिरवी कड उजळली होती. तिथून एक बारीक ओघळ कव्हरच्या भिंतीवरून खाली चेंबरच्या दिशेने गेला होता. माझ्या हाताखालचा पोरगा ते बघून कितीतरी वेळ तिथून उठलाच नाही. मी मोबाइलवर फोटो काढून तात्यांना पाठवला. मालकाला नुसतं "पंप गेलाय" सांगण्यात आणि हे दाखवण्यात फार अंतर आहे.

पंप काढून पुण्यात पंप-नोझलच्या लॅबमध्ये नेला आणि मी तिथेच थांबलो. सगळी तोंडं बंद करून आत हलका हवेचा दाब दिला आणि पंप डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवला. शाफ्टच्या एका बाजूने मोहरीएवढे बुडबुडे सारखे वर येऊ लागले. शाफ्ट हाताने वरखाली हलवला की त्यांची माळ जाड व्हायची, सोडला की बारीक. हे सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण होतं. गळती फक्त सीलाची असती तर शाफ्ट हलवल्याने एवढा फरक पडला नसता. शाफ्टला आधार देणारा बुश झिजला होता आणि शाफ्ट डुलत होता. नुसतं सील बदललं असतं तर गाडी तीनचार महिन्यांत परत आली असती. उघडल्यावर कळलं की तसं एकदा झालंही होतं. आतलं सील मूळचं नव्हतं, कधीतरी बदललेलं होतं आणि ओठ कडक होऊन एका बाजूने खाल्लेला.

पंपाचं पोट सतत दाबाखालच्या डिझेलने भरलेलं असतं. आयडलवर तीनएक बार, वेग वाढला की सात-आठ. हा दाब ओठावरून बाहेर ढकलतो, म्हणून वेगासोबत गळती वाढत होती. बाहेर म्हणजे टायमिंग केसमध्ये, तिथून चेंबरमध्ये. जमिनीवर थेंबही पडत नाही, म्हणून मालकाला दोन वर्षं काही दिसलं नाही.

पण बुश का झिजला? या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. आत पात्यांच्या घरावर तांबूस गंजाचे ठिपके होते. मी तात्यांना विचारलं, डिझेल कुठून भरता? ते म्हणाले, "घरी डरम हाय ना." घाटाच्या पायथ्यापासून पेट्रोल पंप लांब, म्हणून दोनशे लिटरचा ड्रम गोठ्याच्या पत्र्याच्या कडेला उभा, वरच्या बुचातून हातपंपाने डिझेल काढायचं. उभ्या ड्रमच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री ड्रम गार पडला की बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. गाडीच्या डिझेल फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू कुणी सोडल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. मी सोडला तेव्हा अर्धी वाटी गढूळ पाणी आलं.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. नवा बुश, शाफ्ट मोजून योग्य निघाला, सील व्हायटॉन रबराचं, पात्यांचा पंप बदलला, बेंचवर मोजमाप करून घेतलं आणि गाडीवर डायल गेजने टायमिंग लावलं. चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडची दोन बेअरिंगं पाहिली. वरचा राखाडी थर काही ठिकाणी चकाकला होता, खालचं तांबं उघडं पडलेलं नव्हतं. तांबं दिसलं असतं तर हिशेब वेगळाच झाला असता. डिझेल ओतून इंजिन धुवायची आपल्याकडे जी पद्धत आहे ती मी इथे केली नाही. जे बाहेर काढायला एवढी खटपट केली तेच पुन्हा आत कशाला? साधं ऑइल भरून दहा तास चालवलं, काढलं, पुन्हा नवं भरलं.

हे वाचून नव्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या) डिझेल फोर बाय फोरचे मालक पंपाकडे बघू लागतील, म्हणून एक सांगतो. त्या गाड्यांत सायलेन्सरमधल्या फिल्टरची काजळी जाळायला बहुतेक वेळा सिलिंडरमध्ये उशिराने जादा डिझेल सोडलं जातं. गाडी रोज पाच-सात किलोमीटरच चालत असेल, किंवा डोंगरात लो गिअरमध्येच रांगत असेल, तर ते जळण अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, आणि दर वेळी थोडं डिझेल रिंगांवरून खाली जातं. तिथे आधी किती वेळा जळण सुरू झालं आणि किती वेळा पूर्ण झालं, हे स्कॅनरवर पाहावं. मोजायची रीत तीच, भरण्याची वेळ वेगळी. आयडलवर चेंबर भरत नसेल आणि छोट्या फेऱ्यांच्या आठवड्यात भरत असेल, तर पंप खोलू नका.

तात्यांची गाडी लावणी संपायच्या आत परत गेली. ड्रम आता आडवा, तोंडाकडून किंचित उचललेला, पत्र्याच्या पूर्ण आत आहे आणि फिल्टरचा स्क्रू दर रविवारी सुटतो. रेघांची काठी मी गाडीतच ठेवली. सोबत एक वही दिली, तारीख, तास आणि रेघ एवढंच लिहायला.

दसऱ्याच्या आसपास त्यांचा फोन आला. आवाज काळजीचा होता. "आरं, ऑइल कमी व्हाया लागलंय. एक रेघ उतरली." वहीतले तास विचारले. त्र्याऐंशी तास झाले होते. एवढ्या जुन्या इंजिनाने एवढ्या तासांत दोनशे मिली जाळणं हे अगदी सरळ आहे. तात्यांना म्हटलं, दोनशे मिली ओता आणि वहीत लिहा.